खारघर कुठे आहे, असं न्यूयॉर्कने विचारलं

मी बँकेतून निवृत्त होऊन वर्ष झालं, पण नवीन पनवेलच्या आमच्या सोसायटीत मला अजून 'फॉरेक्सवाल्या मॅडम' म्हणतात. सकाळी फिरायला निघाले की कुणीतरी गाठतंच. "सबनीस मॅडम, डॉलर जाणार म्हणतात, खरं का हो?" जाणार म्हणजे कुठे, हे विचारणाऱ्यालाही नीट माहीत नसतं. मोबाइलवर काहीतरी आलेलं असतं. काही देश मिळून वेगळं चलन काढणार आहेत, अमेरिकेने त्यांना जबर कर लावायची धमकी दिली आहे, अमुक देश आता तेल डॉलरमध्ये घेणार नाही, वगैरे. मग आमच्या बाकावर दोन गट पडतात. एका गटाला अमेरिकेची जिरलेली बघायची असते आणि दुसऱ्या गटातल्यांची मुलं न्यू जर्सीत असतात.

मी अर्थतज्ज्ञ नाही. पनवेलच्या शाखेत परदेशी व्यवहारांच्या टेबलावर मी वीस वर्षं बसले, एवढंच. न्हावा शेवा बंदर जवळ, त्यामुळे माल पाठवणारे, माल मागवणारे आणि उरणकडची जहाजावर काम करणारी मुलं असं आमचं गिऱ्हाईक. बाहेरच्या माणसाला वाटतं, परदेशातून डॉलर येतात म्हणजे कुठूनतरी नोटांची पेटी निघते आणि आमच्या तिजोरीत येऊन पडते. तसं काही नसतं. आमच्या बँकेचं न्यूयॉर्कमधल्या एका बँकेत खातं आहे. मस्कतच्या बँकेचंही तिथेच खातं असतं. मस्कतच्या माणसाने पनवेलच्या माणसाला डॉलर दिले, म्हणजे न्यूयॉर्कमध्ये एका खात्यातून वजा झाले आणि दुसऱ्यात जमा झाले. त्याचे रुपये आम्ही इकडे गिऱ्हाइकाला देतो. डॉलर तिथल्या तिथेच राहतात. सगळं जग हेच करतं, सरकारंसुद्धा आपली गंगाजळी बरीचशी डॉलरमध्येच ठेवतात, म्हणून ते जगाचं चलन.

हे मी शेकडो लोकांना समजावून सांगितलं आणि सगळ्यांनी मान डोलावली. हिराजी घरत हा पहिला माणूस, ज्याने ती डोलावली नाही.

हिराजीशेठ पनवेल-उरण रस्त्यावरच्या एका गावचे. वडील मिठागरावर होते. जमीन प्रकल्पात गेली, पैसे आले, भावांनी इमारती बांधल्या. हिराजींनी सुकापूरच्या पुढे एक शेड घेतली आणि बेकरी टाकली. खारी, नानखटाई, टोस्ट. भावांच्या दृष्टीने हा वेडेपणा होता. खारघरच्या एका टॉवरमध्ये त्यांनी छोटं ऑफिसही घेतलं होतं, परदेशी लोकांना पत्ता बरा वाटावा म्हणून. मालाचं नाव होतं 'इराणी खारी'. तरुणपणी मिठाच्या ट्रकवर मुंबईला जात, तेव्हा इराण्याच्या हॉटेलात चहात बुडवून खारी खात. ती चव त्यांना जमली होती, म्हणून नावही तेच ठेवलं.

पहिला कंटेनर मस्कतला जायचा होता, अन्वर काझीकडे. अन्वरभाई मूळचे तळोज्याचे, हिराजींच्या शाळेतले, एकाच बाकावरचे. मस्कतला त्यांची किराणा दुकानं होती. इन्व्हॉईस डॉलरमध्ये करायची म्हटल्यावर हिराजीशेठ माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"मॅडम, अन्वर मस्कतला, मी हितं. त्यानी मना त्याचं रियाल द्यावं, नायतर मी त्याचेकडून रुपये घ्यावं. मदी ह्यो डॉलर कोन?"

मी नेहमीचं सांगितलं. दोन खाती, वजा, जमा.

"म्हंजे आमचा पैसा न्यूयॉर्कला जाऊन येनार."

"हो."

"आनि त्यांनी नाय सोडला तं?"

"असं होत नाही हो. मिनिटांचं काम असतं."

हे माझे शब्द होते. पुढचे दोन महिने मला ते रोज आठवायचे.

कंटेनर गेला, पोचला. अन्वरभाईंनी पैसे भरल्याची पावती पाठवली. आमच्याकडे काहीच आलं नाही. पाचव्या दिवशी न्यूयॉर्कच्या बँकेचा संदेश आला. पैसे थांबवले आहेत, खुलासा करा. 'IRANI' या शब्दाचा अर्थ काय? मालात, मालकीत किंवा वाहतुकीत इराणचा काही संबंध आहे का?

अमेरिकेने काही देशांवर, माणसांवर, जहाजांवर निर्बंध घातलेले आहेत. त्यात इराण अगदी वरचा. डॉलरचा प्रत्येक व्यवहार तिथून जातो, म्हणून तिथल्या बँका प्रत्येक संदेशातला प्रत्येक शब्द यंत्राने त्या यादीशी ताडून बघतात. शब्द जुळला किंवा नुसता जुळल्यासारखा वाटला, तरी पैसे तिथेच थांबतात. मी उत्तर लिहिलं, की मुंबईत चहाच्या एका जुन्या प्रकारच्या हॉटेलाला इराणी म्हणतात, खारी हा बिस्किटाचा प्रकार आहे, मैदा पंजाबचा आणि लोणी गुजरातचं आहे.

आठवड्याने दुसरा संदेश आला. निर्यातदाराच्या पत्त्यात 'KHARGHAR' आहे. त्याचा 'KHARG' या बेटाशी काय संबंध?

खार्ग नावाचं बेट आहे हे मला तेव्हाच कळलं. इराणच्या समुद्रात आहे आणि इराणचं बरंचसं तेल तिथून जहाजांवर चढतं. मी संदेश तीनदा वाचला आणि उठून शाखाधिकारी वानखेडे साहेबांच्या केबिनमध्ये गेले. ते नागपूरचे, बदलीवर आलेले आणि खारघरलाच भाड्याने राहणारे. त्यांनी वाचलं, चष्मा काढला.

"म्हणजे मी रोज इराणमधून कामावर येतो का?"

आम्ही हसलो. मात्र बाहेर हिराजीशेठ बसले होते आणि त्यांना हे कसं सांगायचं ते आम्हा दोघांनाही सुचत नव्हतं.

सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. दुसऱ्या कंटेनरचा माल शेडमध्ये तयार होता. पहिल्याचे पैसे आल्याशिवाय तो सोडायचा नाही असं ठरलं होतं, आणि बिस्किटाच्या पाकिटावर तारीख छापलेली असते. पॅकिंगच्या बायकांना त्यांनी दिवसाआड बोलवायला सुरुवात केली. भाऊ विचारायचे, "काय रं, मस्कतवाल्यानं टोपी घातली का?" टोपी कुणी घातली नव्हती. अन्वरभाईंच्या खात्यातून पैसे गेले होते. ते कुणाकडेच नव्हते आणि हेच कुणाला पटवता येत नव्हतं.

"मॅडम, एक सांगा," हिराजीशेठ म्हणाले. "मी कायदा मोडला का?"

"नाही."

"अन्वरनी?"

"नाही."

"आपल्या सरकारनी सांगितलंय का, इराणी नाव ठेवू नका?"

"नाही हो."

"मग माजा पैसा कुनाच्या कायद्यान अडला?"

मला उत्तर माहीत होतं. अमेरिकेच्या. तोपर्यंत मला त्यात विचित्र असं काही वाटलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी मला एक मुलगी आठवली. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. तेहरानहून आलेली, खारघरच्या एका कॉलेजात पीएच.डी. करत होती. तिच्या वडिलांना तिकडून फीचे पैसे पाठवायचे होते. ते कसे पाठवायचे, एवढंच विचारायला ती आली होती. मी तिला सांगितलं, "नहीं आएगा. नियम है." तिने मोडक्या हिंदीत विचारलं, "कौन सा नियम, मॅम? इंडिया का?" मी तिच्याकडे न बघता मागच्या माणसाला पुढे यायला सांगितलं. मला खरंच वेळ नव्हता. पण प्रकरण वर मुख्यालयाला न पाठवता, कुठे विचारपूस न करता मी तिला वाटेला लावलं, हेही खरंच होतं. काही महिन्यांनी ती खातं बंद करायला आली. शिक्षण पुरं झालं का, हेही मी विचारलं नाही. तिचं नाव आठवायचा मी खूप प्रयत्न केला. आठवलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी हिराजीशेठच्या प्रकरणाच्या मागे लागले. जहाज वाटेत कुठल्या बंदरात थांबलं त्याचा दाखला मागवला. बेकरीचे फोटो काढवले. खारघरचा नकाशा जोडला आणि खाली दोन परिच्छेद लिहिले, की हे गाव समुद्रातलं बेट नसून डोंगराच्या पायथ्याशी वसवलेली वसाहत आहे, इथे कॉलेजं, इमारती आणि रेल्वे स्टेशन आहे, तेल फक्त पेट्रोलपंपावर मिळतं. शेवटचं वाक्य वानखेडे साहेबांनी खोडलं.

इकडे गावात वेगळंच शिजत होतं. हिराजीशेठ कुठल्याशा सभेत बोलले. आपल्या मातीतल्या माणसाची खारी अमेरिकेने अडवली, म्हणाले. टाळ्या पडल्या. एका स्थानिक पुढाऱ्याने तो विषय उचलला आणि एका सोमवारी हिराजीशेठसह पंचवीस-तीस माणसं निवेदन घेऊन शाखेत आली. 'डॉलरची सक्ती बंद करा, पनवेलच्या मालाचा मोबदला रुपयातच द्या.' सोबत एक फोटोग्राफर. वानखेडे साहेबांनी मला पुढे केलं.

मी निवेदन घेतलं आणि सांगितलं, की डॉलर घ्या अशी सक्ती बँक करत नाही, ते घेणारा आणि देणारा ठरवतो. पुढारी म्हणाले, "मॅडम, जगाच्या पैशाची चावी एका देशाच्या हातात का? तो उद्या म्हणेल पनवेलच यादीत घाला."

मला त्यांचं म्हणणं पटत होतं. बँकेत उभी होते म्हणून बोलले नाही.

तेवढ्यात मागून एक बाई पुढे आल्या. मंजुळाबाई, हिराजींची वहिनी. पॅकिंगच्या बायकांवर देखरेख त्यांची. त्याही मोर्चात आल्या होत्या, पण हातातला फलक त्यांनी खाली ठेवला होता.

"भाऊजी, इचारू का एक? माजा सोमनाथ जहाजावर हाय. त्याचा पगार डॉलरात. गावात पन्नास घरं हायत तशी. डॉलर हटवला तं त्याला काय देनार? आनि डॉलर पडला तं त्यानी घराचा हप्ता कशातून भरायचा?"

"वहिनी, आपन आपल्या खारीचं बोलतोय," हिराजीशेठ म्हणाले.

"खारी बी माजीच हाय. हात भाजतात माजे. मना फकस्त कळायला हवं."

पुढाऱ्यांनी विषय बदलायचा प्रयत्न केला, पण मोर्चातच वाद सुरू झाला. ज्यांची मुलं जहाजावर होती ते एका बाजूला झाले. एकाने मला विचारलं, डॉलर नसेल तर जहाजवाले कशात पगार देतील. मी म्हटलं, माहीत नाही. दुसऱ्याने विचारलं, सगळ्या जगाने डॉलरच का धरला. मी म्हटलं, कारण समोरचा घेतो म्हणून आपण घेतो आणि आपण घेतो म्हणून समोरचा घेतो. त्या अर्ध्या तासाइतके चांगले प्रश्न मला बँकेच्या एकाही प्रशिक्षणात ऐकायला मिळाले नव्हते. फोटो निघाला, मंडळी चहा पिऊन गेली.

न्यूयॉर्कने आणखी एकदा खुलासा मागितला आणि त्या तिसऱ्या खुलाशानंतर पैसे सुटले. कारण कुणी कळवलं नाही. एके सकाळी खात्यात दिसले. त्याबरोबर आमच्याच मुख्यालयाकडून सल्ला आला, की ग्राहकाला मालाचं नाव आणि पत्ता बदलायला सांगा. तो निरोप मीच दिला.

"अर्ध्या रायगडला इराणी खारी म्हंजे काय ते ठावं हाय," हिराजीशेठ म्हणाले. "एकाला ठावं नाय म्हनून नाव बदलायचं?"

"कागदावर बदला. पुन्हा अडकलं तर माल वाया जाईल."

त्यांनी कागदावर 'पफ बिस्किट' केलं, पत्ता सुकापूरचा दिला. खोक्यावरचं नाव तसंच राहिलं. त्यानंतर दोन आठवडे ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. मी सांगितलं ते शहाणपणाचं होतं, आणि सांगताना मला आपलीच लाज वाटली होती.

पण माणूस गप्प बसणारा नव्हता. दुसऱ्या कंटेनरच्या वेळी त्यांनी अन्वरभाईंना फोन लावला आणि माझ्यासमोरच स्पीकरवर टाकला.

"अन्वर, या टायमाला रुपयात दे."

"हिराजी, तू सांगतोस तर देतो. पण रुपये माझ्याकडे आहेत कुठे? माझी गिऱ्हाइकं रियाल देतात. इकडचा रियाल डॉलरला बांधलेला आहे, त्यामुळे डॉलरमध्ये मला फिकीर नाही, भाव हलत नाही. रुपया आज एक, उद्या दुसरा. आणि ब्राझीलचा साखरवाला माझ्याकडून रुपया घेणार आहे का?"

"एकदा बगू तरी."

"बघू. दोस्तीखातर, बरं का. धंद्याखातर नाही."

रुपयातले पैसे आले, तेही वेळेवर. हिराजीशेठ पेढे घेऊन शाखेत आले. मला मात्र चैन पडेना, म्हणून मी त्या पैशांचा माग काढला. मस्कतच्या बँकेने अन्वरभाईंचे रियाल घेऊन डॉलर केले होते, ते डॉलर विकून रुपये घेतले होते, आणि ती खरेदी-विक्री न्यूयॉर्कमधल्या खात्यांतूनच झाली होती. पैसा दुसऱ्या नावाने त्याच रस्त्याने आला होता. वर दोनदा बदलल्याचा खर्च अन्वरभाईंच्या माथी पडला होता, आणि त्या भल्या माणसाने त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं.

पेढा माझ्या हातात होता. न सांगता खाणं बरं दिसलं नसतं, म्हणून सांगितलं.

हिराजीशेठ आता रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "आपल्या बँकेचं तिकडं खातं हाय. तसं मस्कतच्या बँकेचं आपल्याकडं, रुपयाचं खातं हाय का?"

वीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मलाही माहीत नव्हतं. मी मुंबईच्या मुख्यालयात फोन केला. तिथून दुसरीकडे, तिसरीकडे. शेवटी एका बाईंनी सांगितलं, हो, आहे. सरकारने रुपयात व्यापाराची सोय केल्यावर अन्वरभाईंच्या बँकेने आमच्याकडे रुपयाचं खातं उघडलं होतं. त्यात थोडे पैसेही होते. इथल्या कुणा व्यापाऱ्याने तिकडून खजूर मागवला होता आणि रुपयात पैसे भरले होते. त्यानंतर त्या खात्याला कुणी हात लावला नव्हता.

"म्हंजे त्यांचा खजूर आपन घेतला, तवा त्यांचेकडं आपले रुपये आले," हिराजीशेठ म्हणाले. "त्या रुपयानी त्यांनी आपली खारी घ्यावी."

"बरोबर. पण खजूर थोडा आणि खारी जास्त असली, तर रुपये पुरत नाहीत. आणि उलट झालं, तर त्यांच्याकडे रुपये साठून राहतात."

"ते कळलं. बारका व्यवहार करून बगू."

माझ्या निवृत्तीला तेव्हा दीड महिना होता. नवीन नानखटाईच्या नमुन्याची वीस खोकी अन्वरभाईंना पाठवायची होती, तेवढ्याचेच पैसे त्या खात्यातून मागवायचं ठरलं. इतका लहान व्यवहार इतक्या लोकांनी कधी केला नसेल. मस्कतच्या बँकेतल्या माणसाला ते खातं आपलं आहे हेच माहीत नव्हतं. आमच्या मुख्यालयात त्याचा फॉर्म कुठला, यावर दोन विभागांचं एकमत होईना. मी रोज फोन करत होते. वानखेडे साहेब म्हणाले, "मॅडम, एवढ्या फोनच्या बिलात नानखटाई आपणच विकत घेतली असती." पण तेही रोज विचारायचे, आलं का?

अकराव्या दिवशी आलं. मी तो संदेश छापून घेतला आणि हिराजीशेठना बोलावलं. मंजुळाबाईही सोबत आल्या होत्या, त्यांना सोमनाथच्या पगाराचं काम होतं. तो महिना डॉलरचा भाव चढला होता, त्यामुळे त्या खुशीत होत्या.

हिराजीशेठनी चष्मा लावला आणि कागदावर ओळीओळीवरून बोट फिरवलं. इंग्रजी त्यांना फारसं येत नव्हतं, पण न्यूयॉर्क हे नाव एव्हाना ते कुठेही ओळखत. वरून खाली एकदा, पुन्हा वरून खाली.

"यात न्यूयॉर्क नाय."

"नाही."

"मग आला कसा?"

"मस्कतहून मुंबई, मुंबईहून पनवेल."

मंजुळाबाईंनी वाकून कागदाकडे पाहिलं. हिराजीशेठ माझ्याकडे बघत होते.

"एवढाच रस्ता व्हता?"

मी म्हटलं, एवढाच होता. आणि हेही सांगितलं, की अन्वरभाईंचा सकाळीच निरोप आला आहे. नानखटाई पसंत आहे, पुढचा पूर्ण कंटेनर हवा आहे, पण पैसे डॉलरमध्ये. खात्यातले रुपये संपले.

हिराजीशेठनी मान हलवली. संदेशाच्या कागदाची नीट घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली. मग खुर्ची पुढे ओढली, माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि डॉलरच्या इन्व्हॉईसवर सही केली.